खंड्याला निरोप कधी द्यायचा, कसा द्यायचा?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं:

"आमचा खंड्या १४ वर्षांचा आहे. गावठी कुत्रा, वजन २२ किलो. दोन महिन्यांपासून मागचे पाय धरत नाहीत. पंधरा दिवस झाले, बसल्या जागीच लघवी होते. डाव्या खुब्यावर रुपयाएवढी जखम झालीय. दादर ज्वारीची भाकर दुधात कुस्करून दिली तर अर्धी खातो. रात्री कण्हतो. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून दोनदा दिली. डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन देऊन टाकू. मिस्टर तयार आहेत. सासरे, आमचे नाना, उपदेशी आहेत, म्हणजे महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेले. ते म्हणतात, 'देवनी दिधा जीव, देवच ली जाई.' शेजारचे म्हणतात, बोरी नदीपलीकडे नेऊन सोडा. मुलगा सहावीत आहे, त्याला काहीच सांगितलेलं नाही. पुरायचं झालं तर मळ्यात विहिरीजवळच्या लिंबाखाली, असं चाललंय. मी त्याला मारतेय का, हेच मला कळेनासं झालंय."

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेऊ. नाही, तुम्ही त्याला मारत नाही आहात. खंड्या जाणार हे त्याच्या वयाने आणि आजाराने ठरवलंय. जाताना त्याला किती दुखावं, एवढंच तुमच्या हातात आहे. आणि पत्रावरून दिसतं ते असं की त्याचं दुखणं अजून कोणी नीट हाती घेतलेलंच नाही. रक्त तपासलेलं नाही, वजनाप्रमाणे औषध नाही, जखमेची निगा नाही, आणि बोलणं थेट इंजेक्शनवर आलंय. म्हणून माझं म्हणणं असं: आधी दहा दिवस त्याचं दुखणं कमी करायचा कसून प्रयत्न करा, रोज टिपून ठेवा आणि मग ठरवा. मात्र त्या दहाचे तीस होऊ देऊ नका.

मेडिकलमधली गोळी आजपासून बंद. क्रोसिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, डायक्लोफिनॅक यातलं काहीही कुत्र्याला देऊ नका. माणसाला चालणाऱ्या या औषधांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंड किंवा यकृत बसतं. कुत्र्यांना सांधेदुखीवर मेलोक्सिकॅम देतात, पण त्याचा रोजचा डोस किलोला ०.१ मिलिग्रॅम. खंड्याला २.२ मिलिग्रॅम होतो. माणसांची लहान गोळी साडेसात मिलिग्रॅमची, म्हणजे तिपटीहून जास्त. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी डांबरासारखी काळी शी होते ती यामुळेच. तशी शी दिसली, उलट्या झाल्या किंवा त्याने खाणं टाकलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तुम्ही दोनदा दिलेल्या गोळीचं नाव, मिलिग्रॅम आणि तारीखही त्यांना सांगा. लपवू नका. त्यावर लगेच दुसरं दुखण्याचं औषध किंवा स्टेरॉइड पडलं तर पोट फाटायची भीती असते.

मेलोक्सिकॅम सुरू करण्याआधी रक्ताचा नमुना घ्यायला सांगा. क्रिएटिनीन आणि युरिया पाहायचे, मूत्रपिंड किती काम करतंय ते त्यावरून कळतं. क्रिएटिनीन १.४ च्या आत असेल तर औषधाला वाव आहे. ५ च्या वर असेल तर मूत्रपिंड शेवटच्या टप्प्यात आहे असं धरतात. मग मेलोक्सिकॅम द्यायचं नाही आणि निर्णयही लवकर घ्यावा लागतो. तसं निघालं तर गॅबापेन्टिनबद्दल विचारा. हे नसांच्या दुखण्यावर चालतं, मेलोक्सिकॅमच्या जोडीनेही देतात आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करून देतात. पहिले दोन-तीन दिवस कुत्रं झिंगल्यासारखं राहतं, त्याने घाबरून औषध बंद करू नका.

आता जखम. ती लागलेली नाही, एकाच कुशीवर पडून हाडावरची कातडी दबल्याने झालीय. म्हणून नुसत्या मलमाने भरणार नाही, आधी दाब काढायला हवा. चार इंची फोम घ्या आणि मुठीने दाबून पाहा: खालची फरशी हाताला लागली तर फोम कुचकामी. त्यावर रेक्झिन आणि रेक्झिनवर जुनं सुती लुगडं. ओलं झालं की फक्त लुगडं बदलायचं. दर तीन-चार तासांनी कूस बदला. बदलताना पाय धरून ओढू नका, छातीखाली आणि ढुंगणाखाली हात घालून दोघांनी उचला. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने जखम दिवसातून दोनदा धुवा आणि स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करा. हळद-तेलाचा लेप नको. खाली ओल कोंडून राहते. लघवीने भिजणाऱ्या मांड्यांवरचे केस कातरून घ्या, कोमट पाण्याने धुवा आणि कोरडं झाल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा.

लघवीचं एक नीट पाहा. तो एका वेळी भरपूर करतोय की थेंब थेंब सतत गळतेय? नुसती गळत असेल तर मूत्राशय रिकामं होत नसून भरून सांडतंय असा अर्थ निघू शकतो. त्यात फार दुखतं आणि जंतुसंसर्ग होतो. डॉक्टरांकडून पोट तपासून घ्या, मूत्राशय दाबून रिकामं कसं करतात ते हाताने करून दाखवायला सांगा.

माश्यांना हलक्यात घेऊ नका. माशीने जखमेवर अंडी घातली की एका दिवसात अळ्या होतात आणि त्या आत शिरतात. लहान बाळाची छत्रीसारखी मच्छरदाणी मिळते ना, ती त्याच्यावर ठेवा. वास बदलला, जखमेला भोक दिसलं किंवा आत काही हललं तर डॉक्टरांकडून चिमट्याने अळ्या काढून घ्याव्या लागतात. फिनाईल, रॉकेल, डांबरगोळीची पूड यातलं काही त्यात टाकू नका. उघड्या जखमेतून ते अंगात जातं, शिवाय कुत्रं चाटतं.

पाणी दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली, म्हणजे खंड्याला लिटरभर लागतं. आपल्याकडच्या ४४ अंशांत जास्तच. तो स्वतः पीत नसेल तर पोटावर बसता करा, डोकं सरळ ठेवा आणि बिनसुईच्या सिरिंजने ओठाच्या कोपऱ्यातून पाच-पाच मिली सोडा. आडवा असताना पाणी पाजलं की ते फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. म्हाताऱ्या कुत्र्यांचा शेवट असा पाजण्यामुळेही होतो. अकरा ते पाच कूलरच्या वाऱ्यात ठेवा, पण ओलं गोणपाट अंगाखाली नको, जखम चिघळेल.

आता टिपण. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्य बाईंनी अशाच घरांसाठी सात गोष्टींची मोजपट्टी केलीय: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, दहा म्हणजे उत्तम. बेरीज ३५ च्या वर असेल तर निगा चालू ठेवण्यात अर्थ आहे. दुखण्याच्या रकान्यात त्या श्वासही धरतात, आणि मीही बाकी सगळ्याआधी तोच रकाना पाहीन. झोपेत असताना छाती ३० सेकंदांत किती वेळा वर-खाली होते ते मोजा, दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत हवं. रोजच त्याहून जास्त येत असेल तर हृदय किंवा फुफ्फुस थकलेलं असू शकतं.

गुण तुम्ही आणि मिस्टर वेगवेगळे द्या, एकमेकांचे पाहू नका. दिवसभर जवळ असणाऱ्याला हळूहळू झालेला बदल दिसत नाही, कामावरून येणाऱ्याला दिसतो. दुखणं ओळखताना ओरडण्याची वाट पाहू नका, कुत्री फार सोसतात. गारव्यात पडूनही धापा टाकणं, रात्री सारखी जागा बदलायची धडपड, एकच ठिकाण चाटत राहणं, जवळ गेलं तरी कान न हलणं, ही दुखण्याचीच लक्षणं. शिवाय खंड्याच्या स्वतःच्या आवडीच्या तीन गोष्टी लिहा. ट्रॅक्टरचा आवाज आला की मान वर करणं, चुलीजवळ भाकरीच्या तुकड्याची वाट पाहणं, मुलगा शाळेतून आला की शेपूट आपटणं, अशा. तिन्ही सलग तीन दिवस दिसल्या नाहीत तर बेरीज काहीही येवो, डॉक्टरांना बोलवा. पाच मिनिटांहून लांबलेली फिट, तोंड उघडं टाकून ओढलेला श्वास, दिवसभर पाणीही न टिकणं, किंवा हाडापर्यंत गेलेली जखम, यांपैकी काही झालं तर दहा दिवसही थांबू नका.

यात आपल्या भागातली एक अडचण धरून चला. रात्री अकराला किंवा रविवारी तालुक्याच्या गावी जनावरांचा डॉक्टर मिळेलच असं नाही. शेवटच्या टप्प्यातलं कुत्रं मोठ्या त्रासात जातं ते बहुधा अशा वेळी. म्हणून उतार स्पष्ट दिसायला लागला की एक दिवस लवकर गेलेलं चालेल, एक रात्र उशीर नको.

नानांशी वाद घालू नका. महानुभाव घरातल्या माणसाला अहिंसा हा तोंडी लावायचा विषय नसतो, त्यांनी ती आयुष्यभर पाळलेली असते. त्यांना एवढंच सांगा की खंड्याला आपल्या मरणाने जाऊ द्यायचं असेल तर तोही मार्ग आहे, पण त्यात काम जास्त आहे. रात्री दोनदा उठून कूस बदलणं, वेळेवर औषध, धुणं, पाजणं. नुसतं अंगणात पडू देणं म्हणजे ते नव्हे. नानांना यातलं एखादं काम द्या. दहा दिवस ते स्वतः त्याच्या उशाशी बसले तर त्यांना जे दिसेल ते तुम्ही सांगून पटणार नाही. तरीही ते 'नाही' म्हणाले आणि दुखणं औषधाने आटोक्यात असेल, तर त्यांचं ऐका. आटोक्यात नसेल तर निर्णय तुम्ही आणि मिस्टरांनी घ्यायचा. नानांनी त्या वेळी समोर असलंच पाहिजे असं नाही.

बोरीपलीकडे सोडणं हा पर्यायच नाही. चालता न येणारं कुत्रं उन्हात तहानेने मरेल, किंवा इतर कुत्री फाडतील. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार असं टाकून देणं गुन्हाही आहे.

इंजेक्शनचं ठरलं तर ते पशुवैद्यक पदवीच्या नोंदणीकृत डॉक्टरकडूनच घ्या, मग ते सरकारी पशुधन विकास अधिकारी असोत की खासगी. घरी कोणी येईना तर १९६२ या टोल फ्री नंबरवर विचारा. फिरतं पथक मुख्यतः गुरांसाठी असतं, पण जवळचा डॉक्टर कोण हे कळू शकतं. डॉक्टरांना दोन-तीन दिवस आधी सांगा, कारण लागणारं औषध प्रत्येकाकडे हाताशी असतंच असं नाही. आणि न संकोचता विचारा: आधी पूर्ण बेशुद्ध करणार ना, आणि कशाने? बरोबर उत्तर साधारण असं: गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल हे बेशुद्धीचं औषध भरपूर मात्रेत. काही डॉक्टर त्यानंतर हृदय थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम क्लोराइड देतात. गाढ बेशुद्धीत दिलं तर ते चालतं. शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला नुसतं मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर स्नायू लुळे पडतात आणि तो जागेपणी गुदमरतो. नुसतं तेवढंच आहे असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, दुसरा डॉक्टर शोधा.

वेळ सकाळी नऊच्या आत, घरीच, ओट्यावर सावलीत, त्याच्याच अंथरुणावर. गाडीत घालून नेलं तर हिसक्यांनी दुखतं आणि अनोळखी वासाने तो घाबरतो. आदल्या रात्रीपासून पोटभर खाणं नको, कारण गुंगीच्या झायलाझिनने उलटी होऊ शकते, पाणी चालेल. मागच्या अंगाखाली प्लास्टिक आणि त्यावर जुनं कापड घाला. डॉक्टर पुढच्या पायाचे केस काढून शिरेत कॅन्युला, म्हणजे औषध सोडायची बारीक नळी, बसवतील. खंड्या शांत असेल तर कॅन्युला आधी आणि गुंगी नंतर, असं सुचवून पाहा. गुंगीने रक्तदाब उतरला की म्हाताऱ्या, सुकलेल्या कुत्र्याची शीर सापडत नाही. आणि थायोपेंटोन शिरेबाहेर गेलं तर जळजळतं, म्हणून नुसत्या सुईपेक्षा कॅन्युला बरी. तुम्ही डोक्यापाशी बसा, हात त्याच्या गालाखाली ठेवा, बोलत राहा. पाय धरायला दुसरा माणूस हवा.

गुंगीला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. नंतरच्या औषधाने एका मिनिटाच्या आत शुद्ध जाते, काही मिनिटांत हृदय थांबतं. रक्ताभिसरण मंद असेल तर जास्त वेळ लागतो. डोळे उघडेच राहतात. लघवी-शी होते. कधी हृदय थांबल्यावरही एक-दोन मोठे उसासे येतात, कातडी थरथरते. हे आधी माहीत नसलं की घरचे लोक 'जिवंत आहे' म्हणून हंबरडा फोडतात. त्याला त्यातलं काही जाणवत नसतं. डॉक्टरांना स्टेथोस्कोपने दोन-तीन मिनिटं नीट ऐकून खात्री करायला सांगा.

विहिरीजवळचा लिंब मात्र नको. विहीर, बोअर, नाला यांपासून निदान १०० फूट लांब, उंचवट्याची जागा बघा. बांधालगत, जिथे नांगर फिरत नाही आणि ठिबकच्या नळ्या नाहीत. खड्डा चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार फूट खोल, म्हणजे वर तीन फूट माती राहील. काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते. आदल्या दिवशी पाणी सोडा, संध्याकाळी खणा आणि रात्री फळ्या टाकून झाका. हीच जमीन वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पुरलं तर भेगांतून वास येतो आणि कोल्हं-कुत्री उकरतात. त्याच्या अंगात बेशुद्धीचं औषध उरलेलं असतं; ते मांस खाणारा प्राणी, पक्षी त्याने मरू शकतो. म्हणून माती थराथराने पाणी मारून धुमसा, वर फूटभर उंचवटा ठेवा आणि बाभळीच्या काट्या, मोठे दगड रचा.

अंग ताठायच्या आत पाय दुमडून ठेवा; उन्हाळ्यात दोन-तीन तासांतच ताठायला लागतं. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, गळ्यातला पट्टा काढून घ्या. मिठाचं पोतं ओतायची चाल आहे, ती टाळा: मिठाने कुजणं लांबतं आणि पुढे तिथे लावलेलं झाड जळतं. झाड लावायचंच तर पावसाळ्यात, थोडं बाजूला. दुपारच्या आत पुरणं जमणार नसेल तर बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून पोटाशी ठेवा, कारण आधी पोट फुगतं.

मुलाला आजच सांगा. सहावीतलं पोर कण्हणं ऐकतं, त्याला अंदाज आलेला असणार. 'खंड्या म्हातारा झालाय, बरा होणार नाही, आपण त्याचं दुखणं कमी करतोय, आणि ते जमलं नाही तर डॉक्टर औषध देतील, त्याने तो मरेल,' इतक्या सरळ शब्दांत. 'झोपवलं' म्हणू नका, पुढे आजी-आजोबा झोपले की पोरं घाबरतात. 'पळून गेला' म्हणालात तर तो गावभर शोधत फिरेल. त्या वेळी थांबायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. थांबला तर वर लिहिलेले उसासे आणि उघडे डोळे त्याला आधी सांगून ठेवा. रडला तर रडू द्या, आणि लगेच दुसरं पिल्लू आणू नका.

उद्या सकाळी एवढं करा: गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांना भेटा, रक्ताचा नमुना घ्या, येताना फोम आणि मच्छरदाणी आणा. क्रिएटिनीनचा आकडा आणि दहा दिवसांचं टिपण पाठवा. मधेच श्वास वाढला किंवा काळी शी झाली तर आमच्या उत्तराची वाट पाहू नका, डॉक्टरांना बोलवा.